टोळीनायकाचे मत

नशिराबाद हे जळगाव आणि भुसावळ यांच्या मधले गाव. महामार्गावरचे, जुन्या परगण्याचे, इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने काचेच्या बांगड्यांसाठी नोंदवून ठेवलेले. गावातून पूर्वेकडे निघाले की वाघूर नदी लागते, मग साकेगाव, मग भुसावळ. एवढ्याशा टप्प्यात चार राज्ये आहेत असे कोणी म्हटले, तर भूगोलाचे शिक्षक त्याला वर्गाबाहेर उभे करतील. पण 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' या संस्थेच्या घटनेपुरते ते विधान खरे आहे. नशिराबादच्या शाळेतला स्काउट जळगाव जिल्ह्यामार्फत महाराष्ट्राच्या राज्यसंस्थेत मोजला जातो. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतला स्काउट मोजला जातो मध्य रेल्वेत. रेल्वेच्या क्षेत्रीय संस्थांना या संघटनेत राज्याचा दर्जा आहे आणि भुसावळ हा त्या 'राज्या'तला जिल्हा. साकेगावच्या जवाहर नवोदय विद्यालयातली मुले नवोदय समितीच्या राज्यात, तर भुसावळ आणि वरणगाव येथील आयुधनिर्माणींच्या केंद्रीय विद्यालयांतली मुले केंद्रीय विद्यालय संघटनेच्या राज्यात. गणवेश एक, वचन एक, गाठी मारण्याची पद्धत एक. प्रतिनिधित्वाच्या वाटा मात्र चार.

ही गंमत म्हणून सांगितली असली तरी ती निव्वळ गंमत नाही. स्काउट चळवळीत 'राज्य' म्हणजे जमिनीचा तुकडा नव्हे. 'राज्य' म्हणजे वरच्या सभेत बसण्याचा हक्क असलेले एकक. रेल्वेला तो हक्क आहे, शाळांच्या संघटनांना आहे. मग ज्याच्यासाठी ही चळवळ आहे त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कोठपर्यंत हक्क आहे? तरुणांच्या चळवळीत निर्णय कोणाचा, हा प्रश्न एका जागतिक चळवळीने कसा सोडवला आणि आपल्याकडे त्याचे काय झाले, याचा मागोवा येथे घ्यायचा आहे. यातले बरेच भांडण शब्दांवरून झालेले असल्यामुळे साहित्याच्या विद्यार्थ्यालाही तो परका वाटू नये.

तळापासून सुरुवात करू, कारण या चळवळीचे सर्वांत चांगले कर्तृत्व तळाशीच आहे. १९०७ च्या उन्हाळ्यात ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी जो पहिला प्रायोगिक तळ भरवला, त्यात मुलांच्या छोट्या टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीचा नायक मुलांपैकीच एक ठेवला. सहा-आठ मुलांची टोळी, तिचा टोळीनायक, अशा काही टोळ्या मिळून पथक. या रचनेला पुढे तात्त्विक रूप दिले रोलंड फिलिप्स या तरुणाने; टोळीपद्धतीवरचे पुस्तक लिहून तो १९१६ मध्ये सोमच्या लढाईत मारला गेला. या पद्धतीचा गाभा म्हणजे टोळीनायकांची सभा, जिला हिंदीत 'मानसभा' म्हणतात. पथकाने कोठे जायचे, जमलेले पैसे कशावर खर्च करायचे, कोणी नियम मोडला तर त्याचे काय करायचे, हे या सभेने ठरवायचे. आणि महत्त्वाचे कलम असे की, पथकाचा प्रौढ प्रमुख सभेला हजर राहतो, सल्ला देतो, पण मत देत नाही.

हे कलम लिहिले गेले तो काळ लक्षात घेतला पाहिजे. शाळा म्हणजे छडी, घर म्हणजे वडिलांचा शब्द, आणि लोकशाही म्हणजे फार तर मिळकतदार पुरुषांचा मताधिकार, अशा जगात एका निवृत्त होऊ घातलेल्या सेनाधिकाऱ्याने तेरा वर्षांच्या मुलाला मत दिले आणि चाळिशीच्या माणसाचे काढून घेतले. आपल्याकडच्या शाळांत ही सभा प्रत्यक्षात किती वेळा भरते आणि किती वेळा गुरुजीच 'भरली' असे वहीत लिहितात, हा भाग वेगळा. कल्पना म्हणून ती धाडसाची होती, यात शंका नाही.

आता त्याच चळवळीचे शिखर पाहू. १९२० च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात पहिला जागतिक मेळावा भरला आणि ६ तारखेला जमलेल्या मुलांनी जयघोष करून बेडन-पॉवेल यांना 'जगाचे प्रमुख स्काउट' केले. मतदान झाले नाही, मुदत ठरली नाही, पदाचे अधिकार कोठे लिहिले गेले नाहीत. त्यांच्यानंतर हे पद कोणालाही मिळाले नाही. त्याच वेळी लंडनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. १९२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. कचेरी लंडनमध्ये होतीच. परिषद, समिती आणि कचेरी असा हा तिपेडी दोर आजतागायत टिकला आहे. परिषद आता तीन वर्षांनी भरते. समितीवर बारा निवडलेले सदस्य असतात आणि ते आपापल्या देशाचे वकील म्हणून नव्हे, तर व्यक्ती म्हणून बसतात, असे मानले जाते. मतांचा हिशेब तर मोठा चमत्कारिक आहे: प्रत्येक देशाला सहा मते. लाखो स्काउट असलेल्या भारताला सहा आणि एखाद्या तालुक्याएवढ्याही नसलेल्या लिश्टेनश्टाइनलाही सहाच. एक मत न देता सहा का दिली? तर काही देशांत एकाहून अधिक स्काउट संस्था संघ करून राहतात. त्यांना आपापसांत मते वाटून घेता यावीत म्हणून.

एकशे सत्तरहून अधिक देशांच्या या सभेत मुलगा कोठे आहे? फार काळ कोठेच नव्हता. राष्ट्रीय संस्थांचे आयुक्त, सचिव, निवृत्त अधिकारी, शिक्षणतज्ज्ञ यांनीच ती भरलेली असे. पुढे जागतिक युवा मंच निघाला. त्यातून निवडलेले सहा तरुण सल्लागार म्हणून जागतिक समितीच्या बैठकांना बसू लागले. त्यांना बोलण्याचा हक्क मिळाला. मताचा मात्र सुरुवातीला नव्हता. म्हणजे तळाशी प्रौढ बसतो आणि मत देत नाही, आणि शिखराशी तरुण बसतो आणि मत देत नाही. एकाच चळवळीची ही दोन टोके एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटावीत इतकी उलटी आहेत. टोळीनायकाचे मत पथकाच्या दारापर्यंत येते आणि तेथे थांबते. तेथून वर जाणारी वाट शाळा, जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा प्रौढांच्या मालिकेतून जाते.

येथे थोडे आडवळण घेऊन एका पुस्तकाकडे जातो. सर्वांत लहान मुलांसाठी, म्हणजे आपण ज्यांना 'कब' म्हणतो त्यांच्यासाठी, बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये वेगळी शाखा काढली आणि तिचा सगळा संसार किप्लिंगच्या 'जंगल बुक'मधून, त्याच्याच संमतीने, उचलला. त्या कथांचे जंगल आपल्या शेजारचे, नागपूरच्या उत्तरेकडच्या सिवनीच्या डोंगरांतले. मोगलीला कळपात घ्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी लांडग्यांची सभा खडकावर भरते. आईबापांखेरीज आणखी दोघांनी पिलाच्या बाजूने बोलले पाहिजे, हा नियम. अस्वल बोलते, काळा बिबट्या स्वतः सभासद नाही, म्हणून ताज्या शिकारीचा बैल देऊन आपला शब्द चालवतो. निर्णयप्रक्रियेचे असे चोख वर्णन बालसाहित्यात दुसरे क्वचितच सापडेल: कोरम आहे, पात्रता आहे, अनुमोदन आहे आणि उघड उघड लाचही आहे.

पण त्या सभेचा एक नियम बेडन-पॉवेल यांनी गाळला. किप्लिंगच्या कळपात म्होरक्या अकेला याचे स्थान त्याच्या शिकारीवर अवलंबून असते. झेप चुकली की त्याला आव्हान देण्याचा कळपाला हक्क आहे, आणि कथेत तो दिवस येतोच. स्काउटांच्या कबपथकात 'अकेला' म्हणजे पथक चालवणाऱ्या बाई किंवा गुरुजी. त्यांची झेप कितीही वेळा चुकली तरी खडकाभोवती बसलेली पिले त्यांना उतरवू शकत नाहीत. खुद्द किप्लिंगला लोकसत्तेचे प्रेम नव्हते. म्होरक्याविरुद्ध उठलेला कळप त्याने मूर्ख आणि भडकवलेला असाच रंगवला आहे. तरीही त्याच्या जंगलात आव्हानाचा हक्क निदान आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांना तो द्यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु वय वाढले, कबचा स्काउट आणि स्काउटचा रोव्हर झाला, तरी गाळलेला हा नियम वरच्या कोणत्याच पायरीवर परत आला नाही. साहित्यातून संस्था उचलताना काय घेतले याइतकेच काय सोडले हेही पाहावे लागते.

ही रचना हिंदुस्थानात आली तेव्हा तिच्या शिखरावर आणखी एक मजला चढला. १९०९ पासून येथे पथके निघू लागली, पण ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांची. देशी मुलांना प्रवेश नाही म्हटल्यावर १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी स्वतंत्र भारतीय बालवीर संस्था काढली. दोन वर्षांनी उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांच्या प्रयत्नांतून सेवासमितीची स्काउट संस्था उभी राहिली. १९२१ च्या दौऱ्यात बेडन-पॉवेल यांनी सर्वांना एका छत्राखाली आणण्याचा यत्न केला. बेझंटबाईंची संस्था आत गेली, सेवासमिती बाहेर राहिली. अधिकृत संस्थेत व्हाइसरॉय हा पदसिद्ध प्रमुख स्काउट, आणि गव्हर्नर आपापल्या प्रांताचे प्रमुख. जो मनुष्य रौलट कायदा लागू करतो तोच दहा वर्षांच्या मुलाचा सर्वोच्च टोळीनायक, अशी ही व्यवस्था होती.

भांडणाचे मुख्य कारण वचन. ईश्वर, राजा आणि देश यांच्याविषयीचे कर्तव्य पाळीन, असे प्रत्येक मुलाने आपल्या 'ऑनर'वर म्हणायचे. इंग्रज मुलाच्या तोंडी राजा आणि देश हे दोन शब्द एकाच गोष्टीची दोन नावे होती. हिंदी मुलाच्या तोंडी ते एकमेकांचे वैरी झाले होते. १९२४ च्या कोपनहेगन परिषदेने जाहीर केले की ही चळवळ राष्ट्रीय आहे, आंतरराष्ट्रीय आहे आणि सार्वत्रिकही आहे; प्रत्येक राष्ट्राला चांगले नागरिक द्यायचे आणि बंधुभावाला सीमा मानायच्या नाहीत. ठराव उदात्त आहे. मात्र राष्ट्र म्हणजे काय हे ज्यांचे ठरायचे होते, त्यांच्यासाठी त्या सभेत वेगळी खुर्ची नव्हती. हिंदुस्थानला जागतिक संघटनेचे स्वतंत्र सदस्यत्व मिळाले ते १९३८ मध्ये. तोवर आपले म्हणणे लंडनच्या वाटेने जात असे. अन्यायाची दाद जेथे मागायची तेथे प्रतिवादीच आपला वकील, अशी ही अवस्था.

नेमक्या या काळात खानदेशात काय चालले होते? २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला तापीपलीकडे फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांनी सजवलेले नगर, आणि दिमतीला खादीतले तरुण स्वयंसेवक. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात, १९३७ च्या फेब्रुवारीत, दिल्लीला स्काउटांचा पहिला अखिल भारतीय मेळावा भरला आणि ऐंशीच्या घरातले बेडन-पॉवेल त्याला आले. शिट्टी, काठी, रांग, तंबू आणि शेकोटी दोन्हीकडे होती. फरक इतकाच की एका ठिकाणी ध्वज चढवणाऱ्याला तो कोणाचा हे विचारावे लागत नव्हते.

दिल्लीच्या मेळाव्यानंतर बेडन-पॉवेल यांचे हिंदी तरुणांच्या चारित्र्याविषयीचे काही उद्गार प्रसिद्ध झाले. या देशाच्या भाषेत 'ऑनर' या अर्थाचा शब्दच नाही, असा त्यांचा रोख होता. त्यावर देशभर संताप उसळला. अनेकजण अधिकृत संस्थेतून बाहेर पडले, आणि १९३८ मध्ये सेवासमिती व इतर मिळून 'हिंदुस्थान स्काउट असोसिएशन' झाली. राजनिष्ठेच्या वादाने जे वीस वर्षांत घडले नव्हते ते एका शब्दकोशीय विधानाने घडवले.

त्या विधानाकडे भाषेचा अभ्यासक म्हणून पाहिले तर ते अज्ञानाचे आहे हे उघड आहे. इज्जत हा शब्द हिंदी पलटणीतल्या प्रत्येक इंग्रज अधिकाऱ्याला ठाऊक होता. त्याच्यावरच तर शिपाई मरायला तयार होत. मराठीत अब्रू आहे, इभ्रत आहे, मान आहे, प्रतिष्ठा आहे, शील आहे, ब्रीद आहे. पण बारकाईने पाहिले तर प्रश्न शब्दांच्या अभावाचा नसून विपुलतेचा आहे. इज्जत आणि अब्रू या लोकांनी द्यायच्या आणि लोकांनीच घ्यायच्या गोष्टी. त्या जातात, लुटल्या जातात, चव्हाट्यावर येतात. शील आतले, पण त्याला सोवळेपणाचा वास. ब्रीद हे देवाचे किंवा राजाचे, पोराचे नव्हे. बारा वर्षांचा मुलगा 'ऑनर'वर वचन देतो तेव्हा त्याच्या शब्दाची हमी तो स्वतःच असतो. मागे बाप नाही, जात नाही, घराणे नाही. अशा एकट्या माणसाचा मान हा आपल्या समाजात खरोखरच नवखा होता. बेडन-पॉवेल यांना हे सुचले असेल असे नाही. त्यांनी उणीव पाहिली ती भाषेत. आणि ज्या मुलाच्या शब्दाला ते किंमत नाही म्हणत होते, त्याच मुलाला त्यांच्या संस्थेने परक्या राजाच्या नावाने शब्द द्यायला लावले होते.

देशी बाजूनेही निर्णयाचा प्रश्न सुटला होता असे समजण्याचे कारण नाही. हुबळीचे डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर हे अमेरिकेत शिकलेले, न्यू यॉर्कला लाला लजपतराय यांच्याबरोबर काम केलेले गृहस्थ. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात नागपूरच्या तुरुंगात शिस्तीचे मोल पटून ते बाहेर आले आणि त्याच वर्षाअखेर काकीनाडा काँग्रेसच्या वेळी त्यांनी हिंदुस्थानी सेवादलाची उभारणी केली. नेहरू त्याचे पहिले अध्यक्ष. येथे राजा नव्हता, लंडन नव्हते. पण कवायत करणाऱ्या तरुणांची स्वतःची संघटना म्हणजे उद्या स्वतःचे मत असलेली संघटना, ही धास्ती नेतृत्वाला होतीच. १९३१ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने सेवादल आपल्या थेट अखत्यारीत घेतले. तरुणांनी राबायचे आणि ठरवायचे मात्र वडीलधाऱ्यांनी, हा नियम खादी नेसल्याने बदलत नाही.

खानदेशात एक तिसरा नमुना होता आणि तो या दोहोंत बसत नाही. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक आणि छात्रालयाचे प्रमुख होते. मुलांसाठी ते हाताने लिहिलेले 'छात्रालय' दैनिक काढीत. मुलांची अंथरुणे आवरीत, खोल्या झाडीत. तेथे टोळ्या नव्हत्या, मतदान नव्हते, वचन नव्हते. गुरुजींनी काही सांगण्याआधीच स्वतः करून टाकलेले असे आणि मुलाला लाज वाटून तो बदलत असे. मराठीत या छात्रालयाविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक सद्गदित होऊन. ते स्वाभाविक आहे. पण शासनपद्धती म्हणून त्याकडे पाहिले तर एक अवघड गोष्ट दिसते: प्रेमाची सत्ता हीही सत्ताच असते, आणि तिच्याविरुद्ध अपील करायला जागा नसते. छडी मारणाऱ्या गुरुजींशी भांडता येते. आपली खोली झाडणाऱ्या गुरुजींशी कसे भांडणार? टोळीनायकांच्या सभेत मुलगा हरला तरी त्याचे मत मोजलेले असते. छात्रालयात ते मोजण्याची वेळच येत नसे. गुरुजींना हे जाणवत नसेल असे नाही. विद्यार्थ्यांनी बोलावे, लिहावे यासाठीच ते दैनिक होते. तरीही तो कागद लिहिणारा हात मुख्यतः एकच होता.

१९४१ च्या जूनमध्ये पुण्यात राष्ट्र सेवा दलाची बांधणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, आणि साने गुरुजी त्याचे दैवत झाले, तेव्हा हे सगळे धागे एकत्र आले. स्काउटांची शिट्टी आणि शाखा, हर्डीकरांची कवायत, अमळनेरचे वात्सल्य. शिवाय एक गोष्ट जी स्काउटांना जमली नव्हती: मुले-मुली एकाच शाखेत, आणि जातिधर्म न विचारता. बेडन-पॉवेल यांच्या घराण्याने मुलींसाठी गाइड ही वेगळी चळवळ काढून दिली होती. तिची जागतिक संघटना १९२८ मध्ये झाली आणि हिंदुस्थान तिच्या संस्थापकांत होता. सेवादलाने असे दुसरे दार बांधलेच नाही. वचनातल्या राजाचाही प्रश्न उरला नाही. उरला तो पक्षाचा. समाजवादी काँग्रेसमधून १९४८ मध्ये बाहेर पडले तेव्हा सेवादल कोणाचे, हा प्रश्न पुढे आला आणि दलाने आपण कोणत्याच पक्षाची शाखा नाही अशी भूमिका घेतली. ती निभावणे सोपे नव्हते, कारण नेते पक्षाचे होते. परंतु तरुणांच्या संघटनेला वरून येणारा आदेश नाकारता आला पाहिजे, हे तत्त्व मराठी मुलखात निदान उच्चारले गेले, याचे श्रेय सेवादलाला द्यावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर स्काउटांपुढचा पेच वेगळा होता. जागतिक संघटनेत एका देशाची एकच संस्था, आणि येथे दोन मोठ्या: जुनी अधिकृत आणि हिंदुस्थान स्काउट. पहिलीला जागतिक मान्यता, दुसरीला स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई. मौलाना आझाद यांच्या शिक्षण मंत्रालयाच्या पुढाकाराने वाटाघाटी झाल्या. त्यात हृदयनाथ कुंझरू होते, श्रीराम वाजपेयी होते, नागपूरचे न्यायमूर्ती विवियन बोस आणि तेव्हाचे मध्य प्रांताचे राज्यपाल मंगलदास पक्वासा होते. ७ नोव्हेंबर १९५० ला दोन्ही संस्था विलीन होऊन 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' झाली. १५ ऑगस्ट १९५१ ला गाइड संस्थाही तीत आली.

विलीनीकरणच का? नियम संघाला परवानगी देत होता. फ्रान्समध्ये कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू आणि धर्मनिरपेक्ष स्काउटांच्या वेगवेगळ्या संस्था एका संघात नांदत होत्याच, आणि सहा मते त्यासाठीच तर होती. माझ्या मते उत्तर तारखेत आहे. १९५० च्या भारतात, फाळणीला तीन वर्षे झालेली असताना, धर्मवार किंवा विचारवार पथके आणि त्यांचे वाटून घेतलेले मताधिकार ही कल्पनाच कोणाला सोसवली नसती. स्वतंत्र मतदारसंघांची फळे नुकतीच चाखून झाली होती. म्हणून संघाऐवजी एकजीव संस्था स्वीकारली गेली. निर्णय योग्य होता असेच मला वाटते. मात्र त्याची किंमत अशी की मतभेदाला घरात खोली उरली नाही. ज्याला पटत नाही त्याने घर सोडायचे. हिंदुस्थान स्काउट हे नाव घेणारी वेगळी संघटना पुढेही राहिली आणि जागतिक मान्यतेविना राहिली, ती याच रचनेमुळे. विविधतेला जागा मिळाली ती एकाच ठिकाणी, प्रशासनात: रेल्वे वेगळे राज्य, नवोदय वेगळे राज्य. विचारांना जे मिळाले नाही ते खात्यांना मिळाले. टोळीनायकांना या वाटाघाटीत कोणी बोलावले नाही, हे सांगायला नकोच. जगात कोठेच बोलावत नव्हते.

१९५९ मध्ये जागतिक परिषद नवी दिल्लीला भरली. आशियातली ती पहिलीच. चाळीस वर्षांपूर्वी ज्या देशाच्या मुलांना पथकात घेत नव्हते त्या देशात आता यजमान म्हणून जगाचे स्वागत झाले, सहा मतांसह.

वचनातला राजा तोवर गेला होता. त्याच्या जाण्याने वाक्य फारसे बदलावे लागले नाही, कारण 'देश' तेथे आधीपासूनच होता. ईश्वर म्हणणे ज्याला पटत नाही त्याला त्या जागी 'धर्म' म्हणण्याची मुभा मिळाली. राहिला 'ऑनर'. हिंदी वचनात इज्जत आली नाही, मानही आला नाही. मुलगा 'मर्यादापूर्वक' प्रतिज्ञा करतो. हा शब्द निवडणाऱ्याला भाषेची जाण होती असे म्हटले पाहिजे. इज्जत दुसऱ्याच्या हाती असते. मर्यादा आपण आपली आखतो आणि आपणच पाळतो. मर्यादापुरुषोत्तमाची आठवणही तीत आहे आणि समुद्राने किनारा न ओलांडण्याचा जुना अर्थही. मात्र 'ऑनर' या इंग्रजी शब्दात जो ताठा आहे, मी म्हणतो म्हणून खरे हा जो एकट्या माणसाचा हक्क आहे, तो 'मर्यादा' या शब्दात मवाळ होतो. मुलगा वचन देता देताच आपली कुंपणेही मान्य करून टाकतो. 'मानसभा' या जोडशब्दात मात्र 'मान' तसाच राहिला आहे, आणि ती सभा अजून नियमाप्रमाणे टोळीनायकांची आहे. गुरुजींनी तीत बसायचे, विचारले तर सांगायचे, आणि हात वर करायची वेळ आली की तो खाली ठेवायचा.